काचेची लायब्ररी अन् खान्देशचं ऊन : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घराच्या खिडक्यांवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती आली पण त्यातली पाच-सहा एकाच विषयाची निघाली, कॉलेज नाहीतर विद्यापीठाच्या लायब्ररीला काचेचं एलिव्हेशन, म्हणजे काचेची दर्शनी बाजू, करायचं का, केलं असेल तर आता काय करायचं. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, रावेर, अमळनेर सगळीकडून. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतो अन् पूर्ण पान यालाच देतो.

प्रश्न : आम्ही एका विद्यापीठाची नवीन तीन मजली लायब्ररी बांधतोय, मी बांधकाम समितीवर आहे. गेट पश्चिमेला, हायवे पण पश्चिमेला, त्यामुळे दर्शनी बाजू पश्चिमेलाच येते. आर्किटेक्टने थ्रीडी दाखवला त्यात ती पूर्ण बाजू खालपासून वरपर्यंत काचेची आहे, दिसायला फार भारी दिसतंय, समितीत सगळ्यांना आवडलंय, पण मला आत कुठेतरी शंका येते. काच डबल ग्लेझिंगची टाकू म्हणतात, मग चालेल ना?
— बांधकाम समिती सदस्य, जळगाव

दादा, तुमची शंका बरोबर आहे अन् ती समितीत मोठ्याने बोलून दाखवा, आत्ता नकाशा कागदावर आहे तोवरच बोला. मी तुम्हाला एक साधं काम सांगतो, मे महिन्यात संध्याकाळी साडेचार-पाचला गावातल्या कुठल्याही काचेच्या शोरूममध्ये जा, पश्चिमेला तोंड असलेल्या, अन् आतून काचेवर तळहात ठेवा. किती वेळ ठेवता येतो ते बघा. समितीतल्या दोघा-तिघांना सोबत न्या, बाकी काही समजवायची गरज पडणार नाही.

आता डबल ग्लेझिंगचं. हा गैरसमज फार आहे आपल्याकडे. दोन काचा अन् मधे १२ मिलिमीटर कोरड्या हवेची पोकळी, याने बाहेरची गरम हवा अन् आतली गार हवा यांच्यातली देवाणघेवाण कमी होते, हे खरं. एकेरी ६ मिलिमीटरच्या काचेचा यू-व्हॅल्यू, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने काचेतून किती उष्णता जाते तो आकडा, ५.७ च्या आसपास असतो तो डबलला निम्म्यावर, २.८ वर येतो. पण ऊन ही वेगळी गोष्ट आहे, ऊन काचेतून सरळ आत येतं. साध्या काचेतून उन्हातली साधारण ८२ टक्के उष्णता आत येते अन् साध्या दोन काचा लावल्या तरी ७० टक्के येतेच. म्हणजे पैसे दुप्पट अन् ऊन जवळजवळ तेवढंच. नुसतं 'डबल' आहे का हे विचारू नका, एसएचजीसी किती ते विचारा, म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा कितवा हिस्सा आत येतो तो आकडा. आपल्या देशाचा इमारतींचा ऊर्जा कोड आहे, ईसीबीसी, त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत आपल्यासारख्या उष्ण भागासाठी उत्तर सोडून बाकी दिशांना हा आकडा जास्तीत जास्त ०.२७ सांगितलाय अन् भिंतीच्या एकूण क्षेत्रफळात काच ४० टक्क्यांच्या वर नको असंही. तुमच्या थ्रीडीत पश्चिमेला १०० टक्के काच दिसतेय.

हिशोब मांडूनच बघा. मे महिन्यात साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. साधी काच असेल तर त्यातले जवळपास ४९० वॅट आत. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे फक्त ७ चौरस मीटर काचेमागे एक टन, एका मोठ्या दाराएवढी काच चार वेळा मोजा, झालं. तुमची बाजू समजा ३० मीटर लांब अन् ११ मीटर उंच, ३३० चौरस मीटर, तर नुसतं त्या भिंतीतून येणारं ऊन उपसायला ४६ टन लागतात. माणसं, लाइट, कॉम्प्युटर, छत अजून धरलंच नाही. हीच काच ०.२७ वाली घेतली तर १५ टनांवर येतं. फरक मोठा आहे पण १५ टन सुद्धा तुम्ही दर उन्हाळ्यात भरणार आहात, इमारत आहे तोवर, अन् लाइट गेली तर आतल्या पोरांचं काय ते बोलायलाच नको.

मग छज्जा टाकू म्हणाल, तर पश्चिमेला छज्जा कामाचा नाही. मे मध्ये आपल्याकडे पाच वाजता सूर्य क्षितिजापासून २५-३० अंशांवर असतो, म्हणजे ४ फूट उंच खिडकी सावलीत ठेवायची तर छज्जा ८ फूट बाहेर काढावा लागेल. दक्षिणेचं उलट आहे, ती दिशा सगळे टाळतात पण ती सोपी. जळगाव २१ अक्षांशावर, मे अखेरीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा दुपारी ऊन नसतंच. डिसेंबरात दुपारी तो ४५ अंशांवर उतरतो, तेव्हा ४ फुटी खिडकीला ४ फुटी छज्जा लागतो, तेवढा नको असेल तर दोन-दोन फुटांवर दोन फुटी दोन आडव्या पट्ट्या टाका, काम तेच होतं. उत्तर सगळ्यात चांगली, दिवसभर सारखा उजेड, फक्त मे-जूनमध्ये सकाळी लवकर अन् संध्याकाळी पाचनंतर तिरपं ऊन उत्तरेलाही लागतं हे लक्षात असू द्या, त्याला खिडकीच्या बाजूने बाहेर काढलेल्या बारीक उभ्या पट्ट्या पुरतात.

आता मी काय करीन ते सांगतो. गेट पश्चिमेला आहे म्हणून वाचनकक्ष पश्चिमेला आलाच पाहिजे असं कुठे आहे? जिना, लिफ्ट, टॉयलेट, झेरॉक्स, पुस्तकांचं स्टॅक हे सगळं पश्चिमेला सरकवा, तिथे जाड भिंत अन् बारीक फटी चालतात. वाचनकक्ष उत्तरेला, तिथे हवी तेवढी मोठी काच घ्या. दर्शनी बाजू म्हणून पश्चिमेला काच दिसायलाच हवी असं समितीचं ठाम असेल तर आत वाचायची जागा न ठेवता नुसता एन्ट्रन्स लॉबीचा पट्टा काचेचा करा अन् त्याच्या बाहेर अडीच-तीन फूट सोडून दुसरा पडदा उभा करा, टेराकोटाची जाळी, ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, काहीही. ऊन काचेला लागायच्या आधी अडलं पाहिजे, आत आल्यावर पडदे ओढून उपयोग नसतो, उष्णता काचेच्या आत येऊन बसलेली असते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी स्वतः एका कॉलेजची अभ्यासिका केली, पश्चिमेला लांबच लांब काच ठेवली, उद्घाटन डिसेंबरात झालं अन् सगळ्यांनी कौतुक केलं. एप्रिलमध्ये सहज गेलो तर पोरांनी काचेला आतून खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवलेली, खालपासून हात पोहोचेल तिथपर्यंत, अन् जिथे हात पोहोचला नाही तिथून उन्हाचा एक पट्टा टेबलांवर आडवा पडलेला. एक पोरगा खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता कारण खाली फरशी तापलेली. वॉचमन म्हणाला, 'दुपारले आठे कोन्ही बठत नही.' ती चूक माझी होती, काचवाल्याची नाही अन् कॉलेजचीही नाही. तेव्हापासून दिशा न बघता मी एकही खिडकी काढलेली नाही.

अन् हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. पॅरिसची राष्ट्रीय लायब्ररी, दोमिनिक पेरो यांची, १९९६ साली वाचकांना खुली झाली, उघड्या पुस्तकासारखे चार काचेचे टॉवर अन् पुस्तकं त्या टॉवरमध्ये वर ठेवायची कल्पना. पुस्तकांना ऊन लागेल म्हणून इतकी टीका झाली की काचेच्या आतून लाकडी झडपा लावाव्या लागल्या. पॅरिसचं ऊन ते काय अन् भुसावळचं ऊन काय.

प्रश्न : आमच्या लायब्ररीला निळी रिफ्लेक्टिव्ह काच आहे, बांधून आठ वर्षं झाली. खिडकीकडच्या रॅकमधल्या पुस्तकांच्या लाल पुठ्ठ्यांचा रंग गुलाबी झालाय, पानं पिवळी पडून कडा तुटतात. फिल्म लावून घ्यावी का?
— ग्रंथपाल, धुळे

ताई, धुळ्याच्या ग्रंथपालांना जुन्या कागदाची किंमत मी काय सांगणार, राजवाडे संशोधन मंडळ अन् समर्थ वाग्देवता मंदिर तुमच्याच गावात आहे, तिथली हस्तलिखितं कशी ठेवलीत ते एकदा या नजरेने बघून या.

रिफ्लेक्टिव्ह काच चकाकी अन् थोडी उष्णता परत पाठवते पण अतिनील किरणं पूर्ण अडवत नाही, अन् नुसत्या अतिनीलचंच नाही, दिसणाऱ्या उजेडाने पण रंग उडतो, विशेष करून निळ्याने. स्वस्त कागदात लिग्निन असतं ते उजेडाने पिवळं पडतं, वर्तमानपत्र दोन दिवस गच्चीवर राहिलं की काय होतं ते आपण घरोघरी बघतो. त्यात उष्णता आली की सगळं लवकर होतं, ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं तर कागद खराब व्हायचा वेग जवळपास दुप्पट.

त्यामुळे पहिलं काम फुकटातलं आहे, रॅक हलवा. खिडकीजवळ टेबलं आणा, रॅक आतल्या भिंतीकडे न्या, अन् खिडकीकडे रॅकची पाठ किंवा पुस्तकांचे कणे न येता फक्त रॅकची कड येईल असे काटकोनात लावा. माणूस उन्हातून उठून जातो, पुस्तकाला उठता येत नाही. जुनी, दुर्मिळ पुस्तकं अन् पोथ्या असतील तर त्यांना खिडकीच नको, तिथे ५० लक्सच्या वर उजेड नको, म्हणजे अगदी मंद. बाहेर भर उन्हात १ लाख लक्स असतो, यावरून अंदाज येईल.

फिल्म लावता येते, चांगली फिल्म अतिनील जवळजवळ पूर्ण अडवते, पण एक धोका सांगून ठेवतो. फिल्म लावली की काच स्वतः जास्त तापते, अन् साधी काच असेल, टफन्ड म्हणजे तापवून मजबूत केलेली नसेल, तर मधला भाग तापलेला अन् फ्रेममध्ये दबलेली कड गार, या ओढाताणीत काच तडकते. अशी तडक कडेपासून काटकोनात निघते, ओळखू येते. अर्ध्या काचेवर छज्जाची सावली अन् अर्ध्यावर ऊन असेल तिथे तर जास्तच. म्हणून आधी काच कुठली आहे ते तपासा, अन् फिल्मवाल्याकडून लेखी घ्या की या काचेवर ही फिल्म चालते.

मी तुमच्या जागी असतो तर यंदाच्या उन्हाळ्यापुरतं बाहेरून शेडनेट बांधलं असतं, काचेपासून फूटभर अंतर सोडून, लोखंडी पाइपाच्या चौकटीवर. दिसायला थोडं कच्चं वाटेल पण खर्च किरकोळ अन् फरक पहिल्याच दुपारी कळतो. पुढे बजेट मिळालं की त्याच चौकटीवर कायमचे लूव्हर्स, म्हणजे तिरप्या पट्ट्या, बसवता येतात.

प्रश्न : मी एमएस्सी करते, लायब्ररीत रोज सहा-सात तास बसते. खिडकीजवळ बसलं की लॅपटॉपवर काही दिसत नाही म्हणून पडदे लावलेले असतात आणि दिवसाढवळ्या सगळ्या ट्यूब चालू. एवढी काच असून उजेड का मिळत नाही?
— विद्यार्थिनी, नंदुरबार

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण लायब्ररी शेवटी तुमच्यासाठीच आहे ना. वाचायला टेबलावर ३०० ते ५०० लक्स भरपूर झाला, काचेतून येतो तो कधी कधी त्याच्या वीस-तीस पट, अन् तोही फक्त खिडकीजवळच्या टेबलांवर. डोळा खिडकीच्या झगझगाटाला जुळवून घेतो, मग बाकी हॉल काळोखा वाटतो, म्हणून पडदा अन् म्हणून ट्यूब. काच जास्त झाली म्हणून उजेड कमी झाला असं ते आहे.

उजेड आत किती लांब जातो ते खिडकीच्या रुंदीवर नाही तर तिचा माथा किती उंच आहे त्यावर ठरतं, साधारण माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट. ९ फुटांवर माथा असेल तर १८-२२ फुटांपर्यंत. गुडघ्याखालची काच वाचनाला काहीच देत नाही, नुसती उष्णता देते, अन् मुलींना स्कर्ट-ड्रेस घालून पारदर्शक काचेला लागून बसायला अवघड वाटतं ते वेगळं, हे नकाशा काढताना कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून खिडकीचे दोन भाग करावेत, टेबलाच्या वर डोळ्यासमोर बाहेर बघायला थोडी काच, तिला पडदा, अन् त्याच्या वर सात फुटांपासून छतापर्यंत दुसरी, तिला पडदा नाही. दोन्हीच्या मधे पांढरी आडवी फळी, लाइट शेल्फ म्हणतात तिला, तिच्यावर पडलेला उजेड छतावर जातो अन् छतावरून मऊ होऊन खाली येतो. छत पांढरंच पाहिजे.

तुम्हाला आज करता येईल ते म्हणजे खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं बसा, समोर नको अन् पाठीमागेही नको. समोर असली की डोळे दिपतात, मागे असली की स्क्रीनवर दिसते. अन् ग्रंथपालांना विनंती करा की वरचे पडदे तरी उघडे ठेवा.

यावर जर्मनीत कोटबुसच्या विद्यापीठाने छान काम केलंय, हर्झोग अन् द मुरॉन यांची ती लायब्ररी, २००४ ची. काचेच्या दोन थरांवर वेगवेगळ्या भाषांतली अक्षरं एकावर एक अशी छापलीत की वाचता काही येत नाही, नुसती पांढुरकी जाळी दिसते अन् उजेड गाळून येतो. छपाई काचेवर भाजलेली असते, निघत नाही. मला नेहमी वाटतं की हे देवनागरीत आपल्याकडे व्हावं. आपल्या अक्षराला शिरोरेषा आहे, ओळीवर ओळ रचली की आडव्या पट्ट्या आपोआप तयार होतात. असोद्याच्या बहिणाबाईंचं नाव ज्या विद्यापीठाला आहे त्या भागात अहिराणी अन् लेवा बोलीतल्या शब्दांची अशी काच किती शोभेल. अर्थात ती सुद्धा उत्तरेलाच, पश्चिमेला नुसत्या छपाईने भागणार नाही.

प्रश्न : साइट सुपरवायझर आहे. लायब्ररीच्या कामात टफन्ड काच बसवली, दोन महिन्यांनी रात्री एक पॅनल आपोआप फुटलं, कोणी दगड मारला नाही. सप्लायर म्हणतो बसवण्यात चूक, आम्ही म्हणतो काचेत. खरं काय?
— भुसावळ

दोन्ही असू शकतं, तुकडे फेकले नसतील तर बघा. टफन्ड काच ६०० अंशांच्या वर तापवून झटकन गार करतात, म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, पण पोटात ताण भरलेला असतो. काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण राहिला असेल तर तो महिन्यांनी, कधी वर्षांनी फुगतो अन् अख्खं पॅनल एकदम तांदळासारखं होतं. जिथून फुटलं तिथे दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखासारखे जोडीने सापडले तर शंका काचेवर. कडेपासून फुटलं असेल अन् तिथे खिळा, स्क्रू किंवा फ्रेमला काच टेकलेली असेल, रबरी पॅकिंग नसेल, तर बसवण्यावर. म्हणून ऑर्डर देतानाच हीट सोक टेस्ट केलेली काच मागायची, भट्टीत परत तापवून अशा काचा तिथेच फोडून टाकतात. अन् वरच्या मजल्यावर, जिथे खाली पोरं ये-जा करतात, तिथे नुसती टफन्ड नको, लॅमिनेटेड घ्या, म्हणजे दोन काचांमधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर असलेली, त्या थराला तुकडे चिकटून राहतात, खाली कोसळत नाहीत. तोच थर अतिनील किरणं ९९ टक्के अडवतो, वरच्या ग्रंथपाल ताईंचं निम्मं दुखणं त्यातच मिटलं असतं. टफन्ड साइटवर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, तेव्हा माप फ्रेम उभी राहिल्यावर घ्या, नकाशावरून नको.

प्रश्न : माझी नात कॉलेजला आहे, मी शेतकरी. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात दोन-दोन हात जाड मातीच्या भिंती, मे मध्ये पण दुपारी झोप लागते. मग शिकलेले लोक काच का लावतात?
— रावेर तालुका

आप्पा, तुमचं घर बरोबर बांधलेलं आहे. जाड माती दिवसभराचं ऊन पोटात घेते अन् आतपर्यंत पोचायला तिला रात्र होते. अडचण एवढीच की धाब्याच्या घरात झरोक्याचा उजेड निजायला पुरतो, शंभर पोरांना वाचायला पुरत नाही. म्हणून काच लागतेच, पण तुमच्या भिंतीएवढ्या खोल कोनाड्यात बसवलेली लागते. अहमदाबादला, आपल्यासारख्याच उन्हात, लुई कान यांनी आयआयएमचं काम केलं, विटांच्या जाड भिंती, मोठमोठी गोल भोकं अन् त्यांच्या मागे सावलीत पडव्या, खिडकी आत. ऊन बाहेरच्या भिंतीवर थांबतं अन् उजेड आत जातो.

अन् तुम्ही केळीवाले, तुम्हाला हे आधीच माहीत आहे. उन्हाळ्यात घड करपू नये म्हणून तुम्ही त्याला बाहेरून वाळलेली पानं गुंडाळता अन् बागेला शेवरीचं नाहीतर गजराज गवताचं कुंपण लावता. गरम वारा बांधावरच अडवता. मी एवढी वर्षं समित्यांना तेच सांगतोय.

प्रश्न : काच धुतो तरी पांढरे डाग जात नाहीत. बोअरचं पाणी वापरतो.
— लायब्ररी मदतनीस, अमळनेर

बोअरच्या पाण्यातला क्षार आहे तो. भर उन्हात कधीच धुऊ नका, पाणी वाळतं अन् क्षार काचेवर राहतो. सकाळी लवकर, आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडायची, नाहीतर धुळीचेच ओरखडे पडतात, मग शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी, अन् रबरी वायपरने लगेच ओढून घ्यायचं. जुन्या डागांना पाण्यात थोडं व्हिनेगर मिसळून कोपऱ्यात आधी करून बघा. पण सिमेंटचं पाणी ओघळून वाळलेलं असेल तर ते काच खातं, तो डाग कशानेच निघत नाही, म्हणून प्लास्टर आधी अन् काच नंतर. अन् जे नवीन बांधतायत त्यांना सांगतो, काच अन् बाहेरचा पडदा यांच्यात अडीच फुटांची लोखंडी जाळीची पायवाट ठेवा म्हणजे वाऱ्यावादळाच्या दिवसांनंतर या माणसाला दोरीला लटकून काच पुसायची वेळ येणार नाही.